ॲव्हरेज पडलं की आधी हिशेब, मग शक

(विक्रोळीत तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझं रोजचं काम म्हणजे बिघडलेल्या प्रोग्रामचं नेमकं काय बिघडलंय ते शोधणं. आज मात्र मी संगणकाबद्दल बोलणार नाही. डिझेल पिकअपचं ॲव्हरेज पडलं तर कारण कसं शोधायचं, हा आजचा विषय आहे. विषय ऐकून काही जण हसले, ते मी पाहिलं. पण या खोलीत बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरात एखादा टेम्पो, पिकअप किंवा रिक्षा आहे, किंवा भाऊ-चाचा गॅरेजमध्ये काम करतात, हे हात वर करून सांगा. बघा, निम्म्याहून जास्त. २००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालातही हेच दिसतं. मुसलमान कामगारांमध्ये नोकरीपेक्षा स्वतःचा धंदा करणारे जास्त, आणि त्यातही रस्ते वाहतूक आणि वाहनदुरुस्ती ही आपल्या लोकांची मोठी क्षेत्रं. म्हणजे ॲव्हरेजचा प्रश्न हा घराच्या चुलीचा प्रश्न आहे.

किती मोठा, ते बघू. पिकअप महिन्याला २,००० किलोमीटर धावते असं धरा. ॲव्हरेज १३ असेल तर डिझेल लागतं साधारण १५४ लिटर. तेच १० वर आलं तर २०० लिटर. म्हणजे ४६ लिटर जास्त. लिटरला ९० रुपये धरले तर महिन्याला चार हजारांच्या वर गेले. गाडीचा हप्ता भरणाऱ्या माणसाला विचारा, चार हजार म्हणजे काय.

इथेच एक गोष्ट लक्षात घ्या. ॲव्हरेज १३ वरून १० वर आलं म्हणजे २३ टक्क्यांनी पडलं. पण डिझेलचा खर्च ३० टक्क्यांनी वाढला. म्हणून मी नेहमी सांगतो, लिटरमागे किती किलोमीटर हे बघू नका, शंभर किलोमीटरला किती लिटर ते बघा. १३ चं ॲव्हरेज म्हणजे शंभराला ७.७ लिटर, १० चं म्हणजे शंभराला १० लिटर. २.३ लिटर जास्त जातंय. आता प्रश्न सोपा झाला: हे २.३ लिटर जातंय कुठे?

हाच प्रश्न गेल्या वर्षी माझ्या मामूंच्या घरात उभा राहिला. मामूंची डिझेल पिकअप आहे. विक्रोळीतून भिवंडीच्या गोदामांत जायचं, माल भरायचा, उपनगरातल्या दुकानांत उतरवायचा, हे तिचं काम. ड्रायव्हर बीड जिल्ह्यातला, ऊसतोड करणाऱ्या कुटुंबातला पंचविशीतला मुलगा. ॲव्हरेज १३ वरून १० वर आल्यावर मामूंनी एका वाक्यात निकाल दिला, "पोरगा डिझेल काढतोय." दोन महिने पगारातून तीन-तीन हजार कापले. टेम्पो स्टँडवर चार माणसांत बोलूनही दाखवलं. मुलगा म्हणाला, "मामू, मी थेंबसुद्धा काढला नाही." पण तो काढत नसल्याचा पुरावा तो कुठून आणणार? न केलेल्या गोष्टीचा पुरावा कुणाकडेच नसतो.

मी मामूंना म्हटलं, मला एक महिना द्या, आणि तोवर याचा पगार कापू नका. ते तयार झाले. त्या महिन्यात आम्ही जे केलं ते टप्प्याटप्प्याने सांगतो, कारण हाच क्रम तुम्हाला कुठल्याही गाडीला लावता येईल.

पहिला टप्पा: ॲव्हरेज खरंच पडलंय का? मामूंचा आकडा पाचशे-हजारच्या डिझेलवर काढलेला होता. हजार रुपयांचं टाकलं, काटा अमुक ठिकाणी आला, असा हिशेब. त्यावर कुणाला चोर ठरवता येत नाही. बरोबर पद्धत अशी: टाकी पूर्ण भरायची, नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं, वर गळ्यापर्यंत ओतायचं नाही. किलोमीटर लिहून घ्यायचे. गाडी रोजच्यासारखी चालवायची. पुन्हा त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, गाडी सपाट उभी करून तशीच टाकी भरायची. दुसऱ्यांदा जितके लिटर गेले तितके त्या अंतरात जळाले. एकदा करून भागत नाही, निदान तीनदा करा. आम्ही तीनदा केलं. एकूण १,८१० किलोमीटर, १८० लिटर. ॲव्हरेज १० च. म्हणजे मामूंची तक्रार खरी होती.

याच टप्प्यावर किलोमीटरचा काटाही तपासा. टायर झिजले किंवा वेगळ्या मापाचे बसवले तर चाकाचा घेर बदलतो आणि मीटर वेगळं अंतर दाखवतं. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी किंवा मोबाइलच्या नकाशाशी वीस-तीस किलोमीटर ताडून बघा. आमचं मीटर ठीक निघालं.

दुसरा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. डिझेल इंजिनात जळतंय, की इंजिनापर्यंत पोचतच नाहीये? आम्ही प्रोग्रामर लोक बिघाड शोधताना सगळा प्रोग्राम वाचत बसत नाही. मधोमध तपासतो. इथपर्यंत ठीक असेल तर बिघाड पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. एका तपासणीत अर्धी कारणं बाद होतात. पिकअपमध्ये तो मधला बिंदू म्हणजे इंजिनात डिझेल सोडणारी नोझल.

आजच्या डिझेल गाडीत किती डिझेल सोडायचं ते एक छोटा संगणक ठरवतो. त्याला इसीयू म्हणतात. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्यात स्कॅनर लावला की हा संगणक बोलतो. त्याचे आकडे जोडत गेलं की इंजिनाने किती लिटर घेतलं ते कळतं. एक सावधगिरी सांगतो. स्वस्त स्कॅनरसोबतची काही ॲप फक्त हवेच्या मोजमापावरून इंधनाचा अंदाज काढतात. पेट्रोल गाडीत ते चालून जातं, कारण तिथे हवा आणि इंधनाचं प्रमाण जवळपास ठरलेलं असतं. डिझेल इंजिन नेहमीच जास्तीची हवा घेऊन चालतं, त्यामुळे तो अंदाज साफ चुकतो. डिझेलसाठी इसीयूने स्वतः सांगितलेलं सोडलेल्या इंधनाचं मापच घ्या. प्रत्येक गाडी ते देईलच असं नाही. जुन्या, साध्या पंपाच्या गाडीत तर हा मार्गच नाही. तिथे मालकाने स्वतः शेजारी बसून भरलेल्या टाकीपासून भरलेल्या टाकीपर्यंत फेरी करावी आणि रात्री गाडी उभी असताना टाकी उतरते का, खाली डाग पडतो का, ते बघावं.

आम्हाला आकडा मिळाला. टाकीत भरलं १८० लिटर, इसीयूच्या हिशेबाने जळालं १७६. चार लिटरचा फरक म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. एवढा फरक मोजमापातच पडतो. ४० लिटर चोरीला जात असतं तर इथे दिसलं असतं. म्हणजे डिझेल इंजिनातच जळत होतं. ड्रायव्हर या प्रकरणातून मोकळा झाला होता. गाडीचं दुखणं अजून सापडायचं होतं.

आणि फरक मोठा निघाला असता तर? तरीही पहिला संशय माणसावर नको. आधी गळती बघा: टाकीचं बूड, पाइपांचे जोड, फिल्टर. मग पंपाचं माप बघा. प्रत्येक पेट्रोल पंपावर वैधमापन विभागाने प्रमाणित केलेलं ५ लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात डिझेल मोजून दाखवावं लागतं. ५ लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे नाही. हा तुमचा हक्क आहे, मागायला लाजू नका. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यातल्या अनेक पंपांवर छापे घातले. मशीनच्या इलेक्ट्रॉनिक भागांत फेरफार करून कमी इंधन देण्याचे प्रकार त्यात उघड झाले. त्या काळात किती मालकांनी किती ड्रायव्हरना चोर म्हटलं असेल, याचा विचार करा.

तिसरा टप्पा. डिझेल इंजिनातच जळतंय, तर दोनच शक्यता उरतात. एक, इंजिन नीट जाळत नाहीये. दोन, इंजिन नीट आहे पण त्याला काम जास्त पडतंय.

नीट जळत नसेल तर धूर सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: एअर फिल्टर चोंदलेला, टर्बोचा होज फाटलेला किंवा ढिला, नाहीतर नोझल जास्त सोडतंय. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. बीएस-सहाच्या, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो. त्यामुळे धूर बाहेर दिसत नाही. साठलेली काजळी जाळायला ही गाडी अधूनमधून स्वतःच जास्तीचं डिझेल वापरते. गाडी सतत छोट्या फेऱ्या करत असेल, किंवा ही सफाई चालू असताना इंजिन वारंवार बंद केलं जात असेल, तर सफाई पुन्हा पुन्हा सुरू होते आणि डिझेल जातं. अशा वेळी इंजिन ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर लगेच दाखवा. ऑइलमध्ये डिझेल मिसळत असण्याची शक्यता असते.

मामूंच्या गाडीला धूर नव्हता, ओढ चांगली होती, एअर फिल्टर स्वच्छ होता. तरी एका गॅरेजमध्ये सांगितलं होतं की नोझल आणि पंप खोलावा लागेल, पंचवीस-तीस हजार तयार ठेवा. मी गॅरेजवाल्यांच्या विरोधात नाही. माझे शाळेतले दोन मित्र उत्तम कारागीर आहेत. पण मोजल्याशिवाय खोलायचं नाही, आणि स्वस्त, सोपी तपासणी आधी. हा नियम उस्तादलाही लागू आहे आणि इंजिनिअरलाही.

इथे मी ती गोष्ट केली जी आधी कुणी केली नव्हती. ड्रायव्हरला शेजारी बसवून विचारलं, "तुला काय वाटतं? गाडीत काय बदललंय?" तो लगेच म्हणाला, "भाऊ, गाडी न्यूट्रलला पहिल्यासारखी पळत नाही. उतारावरसुद्धा धरल्यासारखी वाटते." दिवसाचे दहा तास गाडी चालवणाऱ्या माणसाला हे ठाऊक होतं. त्याला विचारलंच नव्हतं, कारण तो आरोपी होता.

त्याच्या त्या एका वाक्याने दिशा मिळाली. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून फेरी मारून आलो, गाडी उभी केली आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघितलं. थेट हात लावू नका, भाजेल. मागचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा खूपच तापलं होतं. ड्रम उघडला तर हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली. ब्रेक सोडला तरी बूट पूर्ण मागे येत नव्हते. म्हणजे गाडी रोज थोडा ब्रेक लावूनच भिवंडीला जात होती. केबल बदलली, बूट साफ केले. मग पुन्हा टाकी ते टाकी. ॲव्हरेज ११.४. शंभराला १० वरून ८.८ लिटर.

लक्षात घ्या, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही बदलाव्या लागतात.

त्यानंतर स्कॅनरवर पाण्याचं तापमान बघितलं. हायवेवर तासभर चाललेल्या डिझेल इंजिनात ते ८० अंशांच्या वर स्थिर असायला हवं. इथे ६५ च्या पुढे जात नव्हतं. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता, त्यामुळे इंजिन कधी नीट तापतच नव्हतं. थंड इंजिनात ऑइल जाड राहतं, घर्षण वाढतं, आणि इंजिन अजून गरम व्हायचंय असं समजून इसीयू त्याच पद्धतीने डिझेल देत राहतो. थर्मोस्टॅट हा स्वस्त भाग आहे. तो बदलला. शंभराला ८.४ लिटर, ॲव्हरेज ११.९.

अजून ०.७ लिटर बाकी होतं. तेही ड्रायव्हरनेच सांगितलं. पाच महिन्यांपूर्वी गोदाम बदललं. नव्या गोदामाच्या गेटवर रांग असते आणि दर दोन-तीन मिनिटांनी गाडी पुढे घ्यावी लागते, म्हणून इंजिन बंद करता येत नाही. रोजची पाऊण तास-पन्नास मिनिटं. स्कॅनरवर उभ्या गाडीत ताशी ०.७ लिटर दिसत होतं. २६ दिवसांचे साधारण १५ लिटर. २,००० किलोमीटरवर पसरलं तर शंभराला पाऊण लिटर. हिशेब लागला. गोदामाशी बोलून मामूंनी आता फेरीची वेळ बदलून घेतली आहे.

रस्त्याचाही वाटा असतो. आपल्या विक्रोळीत लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो ४ चं काम, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मेट्रो ६ चं. तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज पडणारच. उलट, जून २०२५ मध्ये रेल्वेवरचा विक्रोळी पूल सुरू झाला. पूर्वेकडून पश्चिमेला जायला आधी घाटकोपर किंवा कांजूरमार्गाकडून वळसा पडायचा, तो वाचला. म्हणून मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करताना रस्ता तोच आहे का, माल तितकाच आहे का, टायरमध्ये हवा तितकीच आहे का, हे आधी बघा.

कंपनीच्या छापील आकड्याशी तर तुलना करूच नका. तो चाचणीच्या ठरवून दिलेल्या पद्धतीने काढलेला असतो, भिवंडीच्या खड्ड्यांत नाही. चाचणी आणि रस्ता यांत किती अंतर असू शकतं, ते २०१५ मध्ये जगाने पाहिलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत चाचणी चालू आहे हे ओळखणारं सॉफ्टवेअर निघालं. चाचणीत धूर स्वच्छ, रस्त्यावर प्रदूषण कितीतरी पट. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. ते उघड झालं कारण अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गाडीत उपकरणं ठेवून ती रस्त्यावर पळवली आणि मोजलं. कंपनी मोठी म्हणून खरी नव्हती, आणि ड्रायव्हर गरीब म्हणून खोटा नव्हता. दोन्हीकडे मोजमापानेच उत्तर दिलं.

आता थोडं कडू बोलतो. वाहतुकीच्या धंद्यात 'ॲव्हरेज बांधून देणं' ही पद्धत आहे. एवढं ॲव्हरेज आलंच पाहिजे, कमी आलं तर फरक तुझ्या पगारातून. तुमच्यातले काही जण उद्या गाड्यांचे मालक होतील, काही जण हिशेब सांभाळतील. गाडीची तब्येत न बघता आकडा बांधणं म्हणजे गंजलेल्या केबलचा दंड माणसाकडून वसूल करणं. डिझेलचोरी होतच नाही असं मी म्हणत नाही. होते, आणि ती याच मोजमापात पकडलीही जाते. पण क्रम महत्त्वाचा आहे. मोजमाप आधी, माणूस शेवटी.

बदगुमानी हा शब्द आपल्या घरात लहानपणापासून ऐकतो. पुराव्याशिवाय शक घेतला जाणं म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्याने समजावून सांगायला नको. भाड्याचं घर बघायला गेल्यावर नाव ऐकून दार बंद झालेलं या खोलीत किती जणांनी पाहिलंय? तेव्हा आपण म्हणतो, 'आमच्याबद्दल माहिती घ्या ना, मग ठरवा.' बरोबर म्हणतो. मग आपल्या गाडीवर चाकाला बसलेल्या, गाव सोडून आलेल्या मुलाला आपणही तेवढं देणं लागतो.

मामूंनी कापलेले सहा हजार परत केले. पण एवढ्याने भागणार नव्हतं. ज्या स्टँडवर ते बोलले होते तिथे तो मुलगा 'डिझेलवाला' झाला होता. दुसरी नोकरी शोधायला गेला असता तर ते नाव त्याच्या आधी पोचलं असतं. मामू एका शुक्रवारी दुपारी स्टँडवर गेले आणि त्याच माणसांसमोर म्हणाले, "पोराने काही केलेलं नव्हतं. गाडीचा ब्रेक धरत होता." सत्तरीतल्या माणसाला हे सोपं नव्हतं. मुलगा आजही तीच गाडी चालवतो. डायरी आता तोच लिहितो: तारीख, किलोमीटर, लिटर, रांगेतला वेळ.

तुम्हाला एकच काम सांगतो. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी आजपासून अशी डायरी सुरू करा, गाडी चांगली चालत असतानाच. बिघाड झाल्यावर आधीचा आकडा कुठून आणणार? महिन्याला चार-पाच नोंदी पुरतात. चालवणाऱ्यालाही ती डायरी दिसली पाहिजे, कारण ती त्याच्या संरक्षणासाठीही आहे. आणि ज्यांना स्कॅनर कसा लावायचा ते बघायचं आहे, त्यांनी चहा झाल्यावर खाली या. स्कॅनर मी आणलाय, गाडी तुमच्यापैकी कुणाचीही चालेल.

आता प्रश्न विचारा.